पर्यायी वनीकरणाचा चुकीचा हिशेब

धरण, खाण किंवा महामार्गासाठी जंगल तोडायची वेळ आली की एक आश्वासन ठरलेले असते: जितकी तोडू त्याच्या दुप्पट झाडे लावू. १९८०च्या वनसंवर्धन कायद्याखालच्या तरतुदींनी याच समजुतीला पर्यायी वनीकरण असे नाव दिले आणि त्याचा निधी सांभाळायला २०१६मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. जंगल म्हणजे झाडांची बेरीज, हे त्यामागचे गृहीतक आहे आणि ते मुळातच चुकीचे आहे.

पिकलेले उंबर फोडून पाहावे. आत चिलटाएवढे किडे वळवळताना दिसतात. उंबराची फुले फळाच्या आतच असतात आणि त्यांचे परागीभवन हीच इवलीशी माशी करते. पराग घेऊन बाहेर पडलेली मादी एखाददुसरा दिवस जगते. तेवढ्यात तिला कोवळी फळे धरलेले दुसरे उंबर गाठावे लागते. म्हणजे परिसरात उंबरे पुष्कळ हवीत आणि ती वेगवेगळ्या वेळी फळायला हवीत. तशी ती फळतात म्हणूनच इतर झाडे रिकामी असतात तेव्हाही हरियल, वटवाघळे, माकडे आणि धनेश यांना खायला मिळते, आणि त्यांच्या विष्ठेतून रानभर बी पडते. धनेशाची मादी तर झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. नर तिला फटीतून भरवत राहतो. एवढी ढोली जुन्या, जाडजूड खोडातच होते. कोकणातल्या देवरायांत ही घरटी आढळतात ती म्हाताऱ्या झाडांमुळेच. माशी, ढोली आणि बी पेरणारा पक्षी यांचा रोपांच्या यादीत रकानाच नसतो.

यावर सांगितले जाते की कोवळी झाडे वाढीच्या भरात कार्बन जास्त शोषतात. दाट रोपवनाची वाढ जोमाची असते, हे खरे. पण २०१४मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या, ४०३ प्रजातींच्या अभ्यासात बहुतेक प्रजातींचे मोठे झाड लहान झाडापेक्षा वर्षाकाठी अधिक कार्बन साठवते असे दिसले. शिवाय तोडलेल्या जंगलाच्या लाकडात आणि मातीत साठलेला कार्बन मोकळा होतो तो आजच, आणि रोपे तो भरून काढणार कित्येक दशकांनी, तीही जगली तर.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा: उपग्रहाच्या चित्रांत वनाच्छादन वाढतेच आहे की! पण भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर दहा टक्के छत्र असले की पुरे. मालकी कोणाची, झाड कोणते, हे पाहिले जात नाही. त्यामुळे आंब्याची बागही त्यात बसते आणि निलगिरीची लागवडही. एकीकडे सदाहरित रान गेले आणि दुसरीकडे बागा वाढल्या, तरी बेरीज जिथल्या तिथे राहते. त्याहून वाईट म्हणजे लागवडीसाठी ‘ओसाड’ म्हणून माळ निवडले जातात. माळ ओसाड नसतो. माळढोकाला उघडे गवताळ रानच लागते. तिथे झाडांच्या रांगा उभ्या केल्या की एका अधिवासाच्या भरपाईपोटी दुसरा गेला.

मग रस्ते, पाणी, वीज नकोच काय, असे विचारले जाईल. हवे आहे, आणि कधी त्यासाठी जंगलही द्यावे लागेल. तेव्हा ते कायमचे गेले असे परवानगीच्या कागदावर लिहावे. दुप्पट झाडांचे आश्वासन हे लिहू देत नाही, आणि त्यामुळे दुसरा मार्ग शोधण्याची गरजच कोणाला वाटत नाही. भरपाईचा पैसा मात्र आधी उरलेल्या रानाच्या कडांवर जावा. सह्याद्रीत तोड आणि वणवा थोपवला की जुन्या बुंध्यांना फुटवे येतात, शेजारच्या रानातून पक्षी बी आणतात. खड्डे खणण्यापेक्षा तिथे राखणदार नेमणे अधिक उपयोगाचे, आणि ती राखण त्या रानावर पोट असलेल्या गावांच्या हाती असावी.