शेतराखणीस लहान बोरची बंदूक कितपत उपयोगी?

भातास लोंबी सुटूं लागली आणि भुईमुगाच्या शेंगा भरूं लागल्या, कीं रानडुकरांच्या बातम्याही गांवोगांवीं ऐकूं येऊं लागतात. एका रात्रींत कळप शिरतो आणि चार महिन्यांच्या मेहनतीची माती होते. सकाळीं बांधावर उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यास तुडविलेल्या पेंढ्याखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. अशा वेळीं बंदुकीचा विचार मनांत येणें स्वाभाविक आहे. आमच्या कित्येक सभासदांनीं या हंगामांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला आहे: शेतराखणीकरितां लहान बोरची, म्हणजे वीस बोरची किंवा ‘चारशें दहा’ या नांवानें ओळखली जाणारी, हलकी छऱ्यांची बंदूक घ्यावी काय? ती वजनास हलकी, खांद्यास धक्का कमी, आणि घरांतील कोणासही हाताळतां येण्याजोगी, असें या पृच्छेमागील म्हणणें आहे. त्यावर आमचें मत स्पष्टपणें मांडणें हें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

प्रथम ‘बोर’ म्हणजे काय तें समजून घ्यावें. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोळे पाडले, तर त्यांतील एक गोळा ज्या नळींत नेमका बसेल ती बारा बोरची नळी; वीस गोळे पाडले तर वीस बोरची. म्हणजे आंकडा जितका मोठा तितकी नळी लहान. बारा बोरच्या नळीचा व्यास सुमारें १८.५ मिलिमीटर असतो, वीस बोरचा सुमारें १५.६ मिलिमीटर. ‘चारशें दहा’ हा मात्र बोरचा आंकडा नव्हे, ०.४१० इंच हा त्या नळीचा व्यासच होय. तो अवघा १०.४ मिलिमीटर भरतो.

नळी लहान म्हणून छर्रा मंद सुटतो अशी पुष्कळांची समजूत आहे, ती बरोबर नाहीं. छऱ्याचा वेग सर्वांत थोड्याफार फरकानें सारखाच असतो. फरक आहे तो शिशाच्या वजनांत. बारा बोरच्या नेहमींच्या काडतुसांत ३० ते ३२ ग्रॅम शिसें असतें, वीस बोरच्या काडतुसांत सुमारें २५, आणि चारशें दहाच्या अडीच इंची काडतुसांत केवळ १४. सहा नंबरचे छर्रे भरले तर बारा बोरच्या एका बारांत पावणेतीनशेंहून अधिक दाणे सुटतात; चारशें दहामधून जेमतेम एकशें पस्तीस. नळीबाहेर पडतांच छर्रे पसरूं लागतात. दाणेच थोडे असल्यास त्या पसाऱ्यांत मोकळी जागा अधिक राहते, आणि जनावर मरण्याऐवजीं जखमी होण्याचा संभव वाढतो. म्हणून लहान सावजावरसुद्धां बारा बोरचा भरंवसा १०० ते १२० फुटांपर्यंत धरितात, वीस बोरचा त्याहून थोडा कमी, आणि चारशें दहाचा ६० ते ७५ फुटांपलीकडे धरूं नये.

आतां ही लहान बंदूक कोणावर चालवावयाची, तें पाहूं. इंग्लंडांतील शेतकरी चारशें दहाची बंदूक गोठ्याकोठाराच्या आसपासचे उंदीर आणि कुरणांतील ससे यांवर चालवितो. तेथें सावज लहान, अंतर थोडें, आणि ससा हाच पिकाचा शत्रु. त्यामुळें तेथें तिची योजना सयुक्तिक आहे. आमची स्थिति निराळी. ज्वारीच्या कणसांवर पोपटांचे थवे उतरतात, पेरलेलें बीं मोर उकरून खातो, आणि बागेंत वानर शिरतात. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें या सर्वांस संरक्षण आहे. मोराचें नांव तर पहिल्या अनुसूचींत आहे. पूर्वीं याच कायद्याच्या पांचव्या अनुसूचींत कावळा, उंदीर, फळें खाणारें वटवाघूळ अशी कांहीं उपद्रवी म्हणून गणलेलीं जनावरें होतीं. २०२२ च्या दुरुस्तीनें ती अनुसूचीच काढून टाकली, आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अंमलांत आली. राहतां राहिलें रानडुक्कर. तें दुसऱ्या अनुसूचींत आहे, आणि उभ्या पिकास धोका होत असल्यास मुख्य वन्यजीव रक्षकास, किंवा त्यांनीं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यास, कारणें नमूद करून त्यास मारण्याची लेखी परवानगी देतां येते.

यावरून निष्पन्न होतें तें असें: लहान बोरच्या बंदुकीस जें सावज योग्य, त्यास मारण्याची कायद्याची मुभा नाहीं, आणि ज्यास मारण्याची मुभा मिळूं शकते, त्यास ही बंदूक पुरी पडत नाहीं. आमच्या मतें या प्रश्नाचें सारें उत्तर या दोन वाक्यांत आहे.

पुरी पडत नाहीं म्हणजे काय, तें आमच्या पाहण्यांतील एका प्रसंगावरून सांगतों. एका गांवीं डुकरांकरितां रीतसर परवानगी मिळालेली होती. परंतु हातीं असलेली बंदूक चारशें दहाची. तीस पावलांवरून बार काढला. छर्रे डुकराच्या फऱ्यांत गेले, पण तें पडलें नाहीं. करवंदीच्या जाळींत शिरलें. काळोखांत मागावर जाण्याचा धीर कोणास झाला नाहीं, आणि तें योग्यच होतें. परंतु सकाळीं गवत कापावयास जाणाऱ्या बायांस सांगण्याचें राहून गेलें. त्यांपैकीं एकीच्या मांडीस सुळ्याची जी जखम झाली, तिच्यामुळें तिचें पाऊल अद्यापि सरळ पडत नाहीं. त्या डुकरानें किती भात खाल्लें असतें याचा हिशेब कोणासही करितां येईल. त्या बाईच्या पायाचा हिशेब कोणत्या वहींत मांडावयाचा? आपलें पीक राखतांना दुसऱ्याच्या पोटावर पाय येऊं नये, एवढी जबाबदारी बंदूकधारी शेतकऱ्यानें ओळखली पाहिजे.

वीस बोरची बंदूक चारशें दहाहून पुष्कळच समर्थ आहे, हें आम्ही मान्य करितों. किरकोळ अंगाच्या माणसास ती सोईचीही पडते. पण तिच्या दोन अडचणी आहेत. पहिली काडतुसांची, आपल्याकडील दुकानांत सहज मिळतात तीं बहुधा बारा बोरचींच. दुसरी अडचण जिवाशीं गांठ घालणारी आहे. वीस बोरचें काडतूस चुकून बारा बोरच्या बंदुकींत पडलें, तर तें आंत घसरून नळींत अडकून बसतें. बंदूक रिकामी आहे अशा समजुतीनें मागून बारा बोरचें काडतूस घालून चाप ओढला, कीं नळी फुटते आणि हात जातो. म्हणूनच वीस बोरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करण्याचा प्रघात पडला आहे. एका घरांत दोन्ही बोरच्या बंदुका ठेवूं नयेत, आणि दोन्ही काडतुसें एका खिशांत तर कधींच घालूं नयेत.

तेव्हां ज्यास बंदूक घ्यावयाचीच आहे त्यानें साधी, एकनळी, बारा बोरची घ्यावी, असें आमचें मत आहे. डुकराकरितां एल्. जी. जातीचें काडतूस वापरावें. त्यांत वाटाण्याएवढे सहा ते आठ गोळे असतात. अंतर ७५ ते ९० फुटांच्या आंत असावें, आणि जनावर आडवें उभें असतां पुढच्या पायाच्या मागें नेम धरावा. बार मचाणावरून खालीं काढावा, म्हणजे चुकलेला गोळा जमिनींत जातो. सहा नंबरचा छर्रासुद्धां साडेसहाशें फुटांपर्यंत जाऊं शकतो, आणि एल्. जी.चा गोळा दोन हजार फुटांच्याही पुढें. वस्तीच्या दिशेनें बार काढणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें. गवत हाललें म्हणून चाप ओढूं नये. डुक्कर समजून माणसावर बार झाल्याच्या बातम्या आपण सर्वांनीं वाचलेल्या आहेत.

परवान्याविषयीं दोन शब्द. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमांत पीकसंरक्षणाकरितां ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. आणि ती पुरेशी नाहीं असें अधिकाऱ्याची खात्री पटल्यास, वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देतां येते. ठासणीची बंदूक एका बारानंतर रिकामी होते, आणि पावसाच्या दमट हवेंत तिची दारू दगा देते. तेव्हां अर्जांत या अडचणी स्पष्ट लिहाव्या. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, हें पक्कें समजावें. ती परवानगी वेगळी घ्यावी लागते, आणि मारलेलें जनावर सरकारची मालमत्ता ठरतें. त्याचें मांस वांटून घेणें हा गुन्हा आहे.

सरकारकडे आमचें मागणें असें आहे. पीक उभें असतां केलेल्या अर्जाचा निकाल पीक उभें असतांच लागावा. मळणीनंतर आलेल्या परवानगीचा उपयोग काय? दुसरें, निवडणूक जाहीर झाली कीं बंदुका पोलीस ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम सुटतात. २०१४, २०१९ आणि २०२४ या तिन्ही सालच्या आपल्या विधानसभेच्या निवडणुका ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, म्हणजे ऐन भात कापणीच्या सुमारास झाल्या. शेतसंरक्षणाच्या परवान्यांचा अशा वेळीं निराळा विचार व्हावा. तिसरें, केरळ सरकारनें २०२२ सालीं उपद्रवी डुकरें मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोंपविला, आणि तें काम परवानाधारक, नोंदलेल्या नेमबाजांकरवीं व्हावें अशी व्यवस्था केली. हा मार्ग आपल्याकडेही विचारांत घेण्याजोगा आहे.

हें तिसरें मागणें मान्य होईपर्यंत हात जोडून बसावें असें मात्र नाहीं. प्रत्येक घरीं एक लहान बंदूक असण्यापेक्षां, प्रत्येक वाडींत एक चांगली बंदूक आणि ती चालविणारा एक शांत डोक्याचा माणूस असणें अधिक हिताचें आहे. बाकीच्यांनीं तोच पैसा मिळून कुंपणावर घालावा, राखणीच्या पाळ्या लावाव्या, आणि नुकसान झाल्यास पंचनामा करवून भरपाईचा अर्ज वेळेवर द्यावा. तारेंत चोरून वीज सोडण्याचा अघोरी उपाय तर कोणींही मनांतसुद्धां आणूं नये. हलकी बंदूक हातास हलकी लागते खरी. पण जखमी जनावर रानांत सोडून देण्याचा भार हलका नाहीं, एवढें बंदूक घेण्यापूर्वीं सभासदांनीं ध्यानांत घ्यावें.