न निघालेली अधिसूचना

अमळनेरची शिक्षकी सोडून सत्याग्रहात उतरलेल्या साने गुरुजींनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने उतरवून घेतली, हे आपण अभिमानाने सांगतो. ते राज्य परक्यांचे होते. पण स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनेही खटल्यावाचून माणसाला कोंडण्याची सत्ता सरकारला दिली, आणि तीही मूलभूत हक्कांच्याच प्रकरणात, अनुच्छेद २२ मध्ये! याची खंत आपल्यापैकी किती जणांना आहे?

‘न्यायालय पाहून घेईल’ असे म्हणणाऱ्या मित्रांनी इतिहास तपासावा. आणीबाणीत मिसाबंद्यांना देशातील अनेक उच्च न्यायालयांनी दाद दिली. परंतु २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केले. एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले आणि सरन्यायाधीशपदाला मुकले. हा निर्णय चुकला होता, हे त्याच न्यायालयाने सांगितले २०१७ साली. म्हणजे एकेचाळीस वर्षांनी.

अमेरिकेचेही तेच. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना, ज्यांतील बहुसंख्य अमेरिकन नागरिकच होते, छावण्यांत डांबण्यात आले. ज्या हद्दपारीतून हे घडले ती १९४४ साली कोरेमात्सू खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविली. पीडितांच्या चळवळीमुळे तेथील काँग्रेसने १९८८ साली माफी मागितली, भरपाई दिली. न्यायालयाने तो निर्णय चुकीचा म्हणायला २०१८ साल उजाडले.

दोन्ही देशांत चूक आधी सुधारली ती लोकांच्या राजकारणाने. आपल्या मतदारांनी १९७७ साली सत्ता उलथवली. १९७८ साली मिसा रद्द झाला आणि चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा हक्क स्थगित करता येणार नाही, अशी तजवीज केली.

परंतु येथेच आपल्या पदरातही माप घालावे लागेल. त्याच दुरुस्तीचे तिसरे कलम असे होते : सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर यावी आणि ते मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमले जावे. अन्य कलमे १९७९ साली अमलात आली. या कलमाची अधिसूचना मात्र आजतागायत निघालेली नाही. धनबादचे खासदार ए. के. रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारवर तशी सक्ती करण्यास नकार दिला. त्यानंतर किती सरकारे आली-गेली! काहींत समाजवादीही मंत्री होते. एका स्वाक्षरीचे काम कोणीच केले नाही.

‘गुंडांना धाक हवाच’ असा युक्तिवाद होतो. गुंडाविरुद्ध पुरावा असेल तर खटला भरा. नसेल तर तो गुंड कसा ठरला? जळगाव-धुळ्याच्या वृत्तपत्रांत ‘एमपीडीएखाली स्थानबद्ध’ ही बातमी आपण बिनदिक्कत वाचतो. आज वाळू चोरणाऱ्यावर उगारलेला सोटा उद्या मोर्चा काढणाऱ्यावर पडणार नाही, याची हमी कोण देणार? रॉय हे तर श्रमिकांचेच पुढारी होते.

घटनादुरुस्तीला संसदेने दिलेली संमती शासनाच्या फडताळात कुजत पडावी, हा संसदेचाच अवमान होय. म्हणून पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात प्रथम ही अधिसूचना मागावी, आणि पुढे अनुच्छेद २२ मधील ही सत्ताच नष्ट करण्याची प्रतिज्ञा करावी. न्यायालयांच्या पश्चात्तापाची वाट पाहायला तुरुंगातल्या माणसापाशी एकेचाळीस वर्षे नसतात.