सही कुणाची, खिसा कुणाचा?

सुट्टीत गावी, इंझोरीला गेलो होतो. रस्त्याच्या कडेला नळयोजनेच्या काळ्या पाईपची भेंडोळी पडलेली. मी थांबून बघतोय हे पाहून शेजारचे आबाजी म्हणाले, "काय रे बापा, तू इंजिनेरी शिकून राह्यला ना? मंग सांग मले, हा पाईप चांगला हाय का नाही?"

मी वाकून छाप वाचला. आयएस ४९८४, पीई १००, व्यास, दाबाचा वर्ग, बॅच नंबर. सगळं जागच्या जागी. "चांगला दिसतो," म्हणालो. आबाजी हसले. "दिसतो त मलेही!"

खरं सांगतो, खजील झालो. कारण पाईपची खरी परीक्षा डोळ्यांनी होतच नाही. जाडी व्हर्नियरने मोजावी लागते. उन्हात टिकावा म्हणून त्यात अडीच टक्क्यांच्या आसपास कार्बन ब्लॅक लागतो, ते प्रयोगशाळेतच कळतं. गरम पाण्यात, आतून दाब देऊन तो फुटतो का हेही बघावं लागतं. भंगार प्लास्टिक मिसळलेला पाईप वरून तितकाच चकचकीत दिसतो!

म्हणूनच 'थर्ड पार्टी' तपासणी आली. विकणारा एक, घेणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा. १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालेल्या जलजीवन मिशनमध्ये साहित्य आणि काम तपासायला राज्यांनी अशा संस्था नेमाव्यात, असं मार्गदर्शक सूचनांतच आहे. पूर्वी केंद्राच्या खरेदीत डीजीएसअँडडी या खात्याचे स्वतःचे तपासनीस असत. ते खातं ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं. आता बरीच सरकारी खरेदी जेम पोर्टलवर होते आणि आलेला माल स्वीकारायची सही खरेदी करणाऱ्या कार्यालयालाच करावी लागते. तिथल्या बाबूने पाईपचा कार्बन कसा मोजायचा? तेव्हा बाहेरचा जाणकार नेमणं चूक नाही, गरजेचंच आहे.

घोडं पेंड खातं ते पुढे. या तिसऱ्याला पैसे कोण देतो? बऱ्याच कामांत पाईपचा दर 'तपासणी शुल्कासह' धरलेला असतो. म्हणजे तपासनीसाला बोलावणारा, त्याची फी भरणारा आणि पुढचं काम देऊ शकणारा माणूस एकच, ज्याचा माल तपासायचा तो! तपासनीस प्रामाणिक असला तरी ही व्यवस्था त्याच्या प्रामाणिकपणाची रोज परीक्षा घेते. आपल्याच कॉलेजात पेपर तपासणाऱ्याचं मानधन परीक्षार्थी विद्यार्थ्याने द्यायचं ठरलं, तर निकाल काय लागेल? (एटीकेटी इतिहासजमा होईल!)

दुसरी गोम जागेची. तपासणी होते कारखान्यात आणि माल उतरतो गावात. ज्या ढिगाऱ्यातून नमुना काढला, तोच ढिगारा ट्रकमध्ये चढला कशावरून?

माझ्या मते उपाय फार अवघड नाहीत. तपासणीची फी खरेदीदार खात्याने थेट द्यावी. कुठल्या कामाला कुठली संस्था, हे चिठ्ठी टाकून ठरवावं. गावात माल उतरल्यावर एखादा नमुना पुन्हा काढून दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवावा. बॅच नंबरासकट अहवाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. आणि चुकीच्या अहवालासाठी सही करणाऱ्यालाही जबाबदार धरावं. यात खर्च वाढेल, कबूल. पण जमिनीत पुरलेला पाईप उकरून बदलायचा खर्च त्याहून कितीतरी मोठा, आणि तोवर हंडा घेऊन फिरायचं ते आपल्याच आईबहिणींनी.

"पण यात आपला काय संबंध?" असं म्हणू नका. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय यांच्यासारख्या संस्थांकडे महापालिका अशी तपासणी सोपवतात. उद्या आपल्यातलेच कितीतरी जण अशा संस्थांत नोकरीला लागतील. समोर छापील फॉर्म असेल, बाहेर जेवणाची सोय केलेली असेल, ट्रक निघायची घाई असेल. त्या वेळी व्हर्नियर बॅगेतून बाहेर काढायचा की नुसतं पेन?

आबाजींना मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुढच्या सुट्टीत गेलो की आधी त्या बॅचचा तपासणी अहवाल मागणार आहे. तुम्हीही आपापल्या गावात मागून बघा.