हुकुमाने मिळाले, हुकुमाने गेले!



सारख्या तिकिटाचे पत्र कारखानदाराचे असो वा हमालाचे, पोस्टमन सारखेच पोहोचवतो. इंटरनेटसाठी हाच न्याय अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१५ साली लावला आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला. २०२४ साली तो परत आणला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने उडवला. काही राज्यांचे कायदे तेवढे उरले. बाकी ठिकाणी पैसेवाल्याची वेबसाइट एक्स्प्रेससारखी सोडून कामगार संघटनेची पॅसेंजरसारखी लूप लाइनवर उभी करायला कंपन्या मोकळ्या.

आपल्याकडे लाखो ग्राहकांनी ट्रायला लिहून कळवले, तेव्हा ८ फेब्रुवारी २०१६ रोजी वेबसाइटनुसार वेगळे दर लावण्यास बंदी झाली. ती टिकवायची तर जागे राहा!