लिटरच्या आकड्यामागचा वळू

दुभत्या गाईचे मोल केवळ लिटरमध्ये सांगण्याची सवय सरत्या वर्षातही सुटली नाही. दूधदर, अनुदान आणि भेसळ यांवर पुष्कळ लिहिले-बोलले गेले, पशुप्रदर्शनांत विक्रमी गाईंचे कौतुक झाले. परंतु त्या गाईचा बाप कोणता आणि त्याच बापाच्या लेकी आणखी किती गोठ्यांत उभ्या आहेत, याची चौकशी क्वचितच झाली. दिवाळीचा आरंभ वसुबारसेला सवत्स धेनूच्या पूजेने होत असल्याने हा प्रश्न या अंकाच्या पहिल्याच पानावर मांडला आहे.

होल्स्टीन फ्रीजियन, म्हणजे गोठ्यातल्या बोलीत एचएफ, या जातीच्या अमेरिकेतील इतिहासात या प्रश्नाचे गांभीर्य स्पष्ट दिसते. १९६२ मध्ये जन्मलेल्या 'पॉनी फार्म अर्लिंडा चीफ' या वळूला कृत्रिम रेतनामुळे सुमारे १६,००० लेकी झाल्या आणि नातींची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. त्याच्या एका जनुकात असा दोष होता की, तो आई आणि बाप या दोघांकडून आल्यास गर्भ जगत नाही. एकाच बाजूने आल्यास मात्र जनावर धडधाकट राहते, त्यामुळे भरघोस दुधाच्या आड तो दोष अनेक पिढ्या पसरत गेला. २०११ मध्ये तो उजेडात आला तोही उणिवेवरून, कारण तपासलेल्या हजारो जनावरांत हा दोष असलेला जनुकसंचाचा तुकडा दुहेरी स्वरूपात एकदाही आढळला नाही. या दोषापायी जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेले असावेत, असा अंदाज २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. चीफच्या वंशाने वाढवलेल्या दुधाची किंमत या हानीच्या कितीतरी पट आहे हे खरे. पण त्या हिशेबात जातीतून कायमच्या नाहीशा झालेल्या गुणभेदांना जागाच नाही, आणि नवा रोग किंवा वाढता उष्मा सोसण्यासाठी निवड करायची ती याच गुणभेदांतून.

उत्तर अमेरिकेतील रेतनासाठीच्या होल्स्टीन वळूंची पितृपरंपरा आज जवळजवळ सर्वस्वी चीफ आणि १९६५ मध्ये जन्मलेला एलिव्हेशन या दोघांवर येऊन थांबते. २००९ पासून तेथे वासराचा जनुकसंच तपासून निवड होऊ लागली. लेकींच्या दुधाची वाट पाहणे संपले, वळूंच्या दोन पिढ्यांमधले सुमारे सात वर्षांचे अंतर अडीच वर्षांच्या आत आले आणि अंतःप्रजनन, म्हणजे नात्यातल्या जनावरांचा संयोग, दर वर्षी अधिक वेगाने साचू लागले.

महाराष्ट्रातील संकरित गाईंना देशी रक्ताचे काही संरक्षण आहे, तथापि पिढ्यान्‌पिढ्या एचएफचीच रेतमात्रा भरत गेल्यास ते विरळ होत जाते. गाय वारंवार उलटली किंवा गाभडली की दोष चाऱ्याला, उन्हाला, रेतन करणाऱ्याला दिला जातो. यांपैकी काही कारणे खरीही असतात. पण जिच्या बापाचा क्रमांक कोठेच नोंदलेला नाही, अशा गाईला तिच्याच बापाची किंवा सावत्र भावाची रेतमात्रा दिली गेली तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. खिल्लार, देवणी, डांगी, लाल कंधारी या जातींत तर मूळ संख्याच मर्यादित, तेथे दोन-चार नावाजलेल्या वळूंची फॅशन अधिक लवकर महाग पडेल. म्हणून कानातल्या बिल्ल्याच्या क्रमांकाबरोबर बापाचा आणि आईच्या बापाचा क्रमांकही प्रत्येक कालवडीच्या नोंदीत असलाच पाहिजे, आणि रेतमात्रा निवडण्यापूर्वी तो पशुपालकाला वाचून दाखवला गेला पाहिजे.