दादी वाचते, नात लिहिते

आमच्या अम्मींच्या लोखंडी पेटीत कपड्यांखाली पुस्तके आहेत, हे घरात सर्वांना ठाऊक होते. ती वाचू शकणारे मात्र अम्मींखेरीज कोणी उरले नव्हते. ए. आर. खातून यांची 'शमा', 'खातूने मशरिक'चे जुने अंक, मुखपृष्ठ गळून गेलेल्या इब्ने सफींच्या कादंबऱ्या आणि तळाशी डिप्टी नजीर अहमद यांची 'मिरातुल उरूस'. अम्मी माहेरी उर्दू शाळेत शिकल्या. आम्ही भावंडे मराठी शाळेत शिकलो, आमची मुलेही तिथेच.

मुर्रीत वाढणाऱ्या मुलाला भाषांची कमतरता नसते. गोंदियाच्या बाजारात हिंदी, शेतावर पोवारी, वर्गात मराठी, घरात उर्दू. नववीतल्या आमच्या पुतणीला दादीची उर्दू शब्दन् शब्द समजते, पण छापील पान समोर धरले की ती अडते. कुरआन शरीफ ती वाचते, पण तिथे जेर-जबर असतात. उर्दूच्या पुस्तकात ते नसतात आणि अक्षरे एकमेकांच्या अंगावर चढलेली असतात. यात दोष आमचाच. दर रमजानमध्ये ठरवायचे की मुलांना उर्दू वाचायला शिकवू, आणि ईद झाली की विसरून जायचे. आता अम्मींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

अशा वेळी आम्हाला उमा विरुपाक्ष कुलकर्णी आठवल्या. वाचनालयात जाणाऱ्या आपल्या भगिनींनी त्यांचे नाव पुस्तकांवर नक्की पाहिले असेल. बेळगावात जन्म, शिक्षण मराठीत आणि संसार पुण्यात. शिवराम कारंत, एस. एल. भैरप्पा, पूर्णचंद्र तेजस्वी हे कन्नड लेखक मराठी घरांत पोचले, त्यात त्यांचा वाटा फार मोठा. 'वंशवृक्ष'च्या अनुवादासाठी त्यांना १९८९ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 'पर्व'सारखी महाभारतावरची भली जाडजूड कादंबरीही त्यांनीच मराठीत आणली. भैरप्पांचे सगळे विचार आम्हाला पटतात असे नाही, पण मराठीत आले म्हणून तर आम्ही ते वाचले आणि मग नाही म्हटले.

खरी गंमत पुढेच आहे. ही सारी पुस्तके उमाताईंनी प्रामुख्याने कानांनी वाचली! कन्नड त्यांना समजायची, पण लिपीशी तशी ओळख नव्हती. पती विरुपाक्ष कन्नड भाषक. नोकरीच्या वेळा सांभाळून ते कादंबरी मोठ्याने वाचत आणि टेपवर भरून ठेवत. उमाताई ते ऐकत आणि मराठीत लिहीत. उलट दिशेने विरुपाक्ष मराठी पुस्तके कन्नडमध्ये नेत. एका घरात दोन्हीकडची वाहतूक! अनुवादांची संख्या पन्नासच्या वर गेली. स्वतःची 'केतकी' ही कादंबरीही त्यांनी लिहिली, पण वाचक त्यांना ओळखतात ते अनुवादक म्हणूनच. दुसऱ्याचे मूल इतके प्रेमाने वाढवले की स्वतःच्या मुलाकडे लोकांचे लक्ष जात नाही, तसे काहीसे. 'संवादु अनुवादु' या त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच सारा संसार आला आहे.

ऐकून लिहिणे हे कमी प्रतीचे काम, असे कोणाला वाटत असेल तर इंडोनेशियाकडे पाहा. सर्वांत जास्त मुसलमान ज्या देशात राहतात, त्या देशाची एखादी कादंबरी आपल्यापैकी कितीजणांनी वाचली आहे? आम्हीसुद्धा फारच उशिरा वाचली, तीही इंग्रजीतून. तिथले मोठे कादंबरीकार प्रामुद्या अनंता तूर यांना १९६९ ते १९७९ बुरू बेटावर कैदेत ठेवले होते. लिहायला कागद मिळेना, तेव्हा त्यांनी सोबतच्या कैद्यांना कादंबरी तोंडी सांगितली. पुढे १९८० मध्ये ती 'बुमी मानुसिया' नावाने छापली गेली. भूमी आणि मनुष्य, आपलेच शब्द की हे! दुसऱ्याच वर्षी सरकारने तिच्यावर बंदी घातली. जकार्तातील ऑस्ट्रेलियन वकिलातीत काम करणारे मॅक्स लेन यांनी तिचे इंग्रजी भाषांतर केले, म्हणून त्यांना मायदेशी परत बोलावण्यात आले. तेव्हा भाषांतर हा बसल्या जागचा बिनधोक उद्योग आहे, असेही समजू नये.

आमच्या घरी एवढे धोके नाहीत. मगरिबनंतर अम्मी चष्मा चढवून, भिंग धरून 'मिरातुल उरूस' वाचतात. पुतणी ते मोबाइलवर भरून घेते आणि सुट्टीच्या दिवशी ऐकत ऐकत वहीत मराठी लिहिते. हेच पुस्तक का निवडले, तर नजीर अहमद यांनी १८६९ साली ते आपल्या मुलींना वाचायला म्हणून लिहिले. शिवाय त्यांचे निधन १९१२ चे. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क वारसांकडे राहतात, म्हणून या पुस्तकासाठी कोणाची परवानगी लागत नाही. 'शमा'ला हात लावायचा तर आधी चौकशी करावी लागेल, हेही तिला सांगून ठेवले आहे.

पहिल्याच आठवड्यात 'सलीका' या शब्दावर गाडी अडली. पुतणीने 'शिस्त' लिहिले, मग खोडून 'टापटीप' लिहिले. अम्मी म्हणाल्या, टापटीप तर मोलकरणीलाही येते, सलीका वेगळा. दोन दिवसांनी शेजारच्या काकू सहज म्हणाल्या, "या पोरीला वळण आहे हो," आणि पुतणी आतून वही घेऊन धावत आली. दुसऱ्यांदा 'जी जल गया' आले. तिने सरळ 'जीव जळला' लिहिले. पण मराठीत जीव जळतो तो कळवळ्याने, आणि इथे तर रागाने लाही झाली होती. शेवटी 'अंगाचा तिळपापड झाला' यावर तडजोड झाली. 'खाला'ची मात्र 'मावशी' करायची नाही, असे आम्ही तिघांनी ठरवले.

गोष्टीत दोन बहिणी आहेत. अकबरी उधळी आणि आळशी, असगरी शहाणी. लेखकाचे सगळे माप असगरीच्या पदरात. पुतणीला मात्र अकबरीच आवडते. "असगरी कधी चुकतच नाही, दादी. कंटाळा येतो," ती म्हणाली. अम्मींनी पुस्तक मिटले आणि बराच वेळ हसल्या. साठ वर्षांपूर्वी त्यांनाही तसेच वाटले होते म्हणे, पण सांगायची सोय नव्हती.

यातून पैसा मिळेल का, असे पुतणीच्या वडिलांनी विचारले. या कामावर घर चालवणे कठीण, हे आम्ही त्यांना स्पष्ट सांगितले. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणून दिली.

मोबाइलमध्ये सध्या अम्मींचा आवाज सव्वातीन तासांचा झाला आहे. त्यात पंख्याची खडखड आहे, रेल्वेची शिटी आहे, मधूनच "दूध उतू जातंय" आहे. पुतणी ते पुसून टाकत नाही. डोळ्यांच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. अम्मी म्हणतात, चालू बाब संपल्याशिवाय आपण जाणार नाही. आणि पुतणी रोज मुद्दाम थोडेच वाचून घेते, असा आम्हाला संशय आहे.