व्यापारी कायद्याची वाट दहावीपासून धरा

वकील म्हटले की आपल्या वस्तीतल्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय येते? पोलीस ठाणे, जामीन, तारखा आणि काळा कोट. एखादी मुलगी 'मला वकील व्हायचंय' असे म्हणाली की आईचा पहिला प्रश्न असतो, "गुंडांच्या केसेस लढणार का गं तू?" आईचा दोष नाही. तिने वकील पाहिला तो तिथेच. पण मुंबईत वकिलीचे फार मोठे काम फौजदारी कोर्टाच्या बाहेर चालते. करार, कर्ज, भागीदारी, कंपनी, मालाची खरेदी-विक्री, चेक, विमा, दिवाळखोरी या सगळ्यांच्या कायद्याला व्यापारी कायदा म्हणतात. या वाटेने आपली मुले अजून फारच थोडी गेली आहेत, आणि जी गेली त्यांना वाट उशिरा कळली.

आपला आणि व्यापाराचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध रोजचा आहे. शेजाऱ्याने पतपेढीतून कर्ज काढले, आपण भिडेपोटी जामीनदार म्हणून सही केली. शेजारी गावी निघून गेला आणि नोटीस आपल्या दारात आली. 'त्याला आधी पकडा ना' असे आपण म्हणतो. पण 1872 च्या करार कायद्याचे कलम 128 सांगते की, करारात वेगळे लिहिले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. पतपेढीने आधी कर्जदाराच्याच मागे लागले पाहिजे असे बंधन नाही. किती पगारदार माणसांचे पगार या एका सहीने कापले गेले असतील, विचार करा. झोपडपट्टी पुनर्वसनातल्या विकासकाबरोबरचा करारनामाही करारच असतो. घाटकोपर असो की अंधेरी, पानेच्या पाने इंग्रजी मजकुरावर आपली माणसे खुणा केलेल्या जागी सह्या करतात. भाडे किती महिने मिळणार, ते थांबले तर काय, हे नंतर विचारत बसतात.

आमच्या भागातल्या एका गृहस्थाचे सांगतो. मरोळच्या बाजूला गाळा भाड्याने घेऊन ते पार्टीच्या मालावर जॉबवर्क करीत. एका पार्टीने दिलेला चेक परत आला. 'पुढच्या महिन्यात देतो' या शब्दावर ते चार महिने थांबले. चेक न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला 15 दिवस मिळतात, आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात तक्रार करायची असते. पराक्राम्य दस्तऐवज कायद्याच्या कलम 138 चा हा हिशेब त्यांना कोणी सांगितला नव्हता. चेकची तीन महिन्यांची मुदतही संपली, म्हणजे तो पुन्हा बँकेत भरण्याची सोय गेली. दिवाणी दाव्याला तीन वर्षे असतात, ती वाट उरली. पण फौजदारी तक्रारीचा जो धाक असतो तो हातचा गेला. त्याच चाळीत बी.कॉम. झालेली चार मुले होती. एकालाही हे ठाऊक नव्हते.

परमपूज्य बाबासाहेबांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. परंतु त्यांचा या विषयाशी असलेला संबंध आपल्या व्याख्यानांत क्वचितच येतो. परदेशातून पहिल्यांदा परतल्यावर त्यांनी शेअर व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. पेढी अस्पृश्याची आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले, असे त्यांचे चरित्रकार धनंजय कीर लिहितात. नंतर 1918 मध्ये ते सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. बॅरिस्टर होऊन त्यांनी 1923 मध्ये मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. त्या काळी मोठी व्यापारी कामे सॉलिसिटरच्या हातून बॅरिस्टरकडे जात, आणि अस्पृश्य बॅरिस्टरला काम द्यायला सॉलिसिटर तयार नसत. विद्वत्ता सर्वांपेक्षा जास्त, पण काम वाटणाऱ्यांत आपले कोणी नाही, अशी ती स्थिती होती. तेव्हा 1925 ते 1928 या काळात बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी शिकवणाऱ्या संस्थेत ते अर्धवेळ व्याख्याते होते. विषय होता मर्कंटाइल लॉ, म्हणजे हाच व्यापारी कायदा! पुढे गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे ते प्राचार्य झाले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने फोर्टमध्ये 1953 साली सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय आणि 1956 साली सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. वाणिज्य आणि कायदा, दोन्ही. हा योगायोग नाही असे मला वाटते.

काम वाटणाऱ्यांत आपले कोणी नाही, ही अडचण आजही पुरती गेलेली नाही. मोठ्या लॉ फर्ममध्ये ओळखीने उमेदवारी मिळते हे सगळे जाणतात. म्हणून तर तयारी लवकर करायची. ज्याच्या काकाची फर्म आहे त्याला पदवीनंतर जागे झाले तरी चालते.

आठवी-नववीच्या मुलाला कायद्याची पुस्तके देऊ नका, कंटाळेल. त्याला घरातला कागद द्या. विम्याची पॉलिसी, बँकेचा फॉर्म, शेजारच्या भाडेकरूचा लिव्ह अँड लायसन्स करार, जे हाती येईल ते. आठवड्याला एक पान त्याने मोठ्याने वाचावे आणि आजीला मराठीत समजावून सांगावे. आजीला कळले तर त्याला कळले. पालिकेच्या मराठी शाळेतले आपले मूल इंग्रजीला भिते, पण करारातले इंग्रजी हे गोष्टीच्या पुस्तकातले इंग्रजी नव्हे. तेच शे-दोनशे शब्द फिरून फिरून येतात. हायकोर्टाचा कारभार इंग्रजीत चालतो आणि व्यापारी करारही बहुधा इंग्रजीतच असतात, त्यामुळे याला पर्याय नाही.

अकरावीला कॉमर्स घेतले तर एस.पी. म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस हा विषय सोपा म्हणून पाठ करून सोडू नये. शेअर, डिबेंचर, कंपनीच्या सभा यांची पहिली ओळख तिथेच होते. बुककीपिंगमधले भागीदारीचे हिशेब पक्के करावेत. मी स्वतः कारकून आहे, बिले आणि करारांच्या फायली रोज हाताखालून जातात. ताळेबंद वाचता येणारा वकील आणि न येणारा वकील यांतला फरक टेबलाच्या या बाजूने चटकन दिसतो.

बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स आहे, पदवीनंतर तीन वर्षांचा. माझे मत विचाराल तर घरची स्थिती बेताची असेल तेव्हा आधी बी.कॉम. आणि मग तीन वर्षे, हे बरे. मध्येच नोकरी धरावी लागली तरी हातात पदवी असते. ज्याला राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचे आहे त्याने क्लॅटची तयारी अकरावीपासूनच करावी. पवईचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आपल्या उपनगरातच आहे, ते 2014 च्या कायद्याने स्थापन झाले. इतर महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी असते, आणि ती मराठीतूनही देता येते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला प्रवेशपात्रतेसाठी किमान 40 टक्के गुण लागतात, पण चांगले कॉलेज 40 टक्क्यांवर मिळत नाही हे मुलांना स्पष्ट सांगा. कंपनी सेक्रेटरीचा कोर्सही बरोबरीने करता येतो. बारावीनंतर त्याची सीएसईईटी ही प्रवेश परीक्षा असते.

सुट्टीत मुलांना कोर्ट दाखवा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, विक्रोळी, कुठलेही. सुनावणी साधारणपणे खुली असते. मोबाइल बंद करून मागच्या बाकावर शांत बसायचे. चेकच्या केसेस किती असतात ते पाहून डोळे उघडतील. 2015 च्या व्यापारी न्यायालय कायद्यात आधी एक कोटी रुपयांपासूनचे वाद येत. 2018 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 3 लाखांवर आणली. म्हणजे हे काम आता केवळ बड्या कंपन्यांचे उरलेले नाही, गाळ्यातल्या कारखानदाराचेही झाले आहे.

आता पैशाचे. सनद मिळाल्यावर पहिली तीन-चार वर्षे कमाई तुटपुंजी असते, आणि आपल्याकडे मुलगा शिकला की त्याच महिन्यापासून घर त्याच्या पगाराकडे डोळे लावते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 2024 मध्ये शहरातल्या ज्युनिअर वकिलांना महिना किमान 20,000 रुपये द्यावेत असे सुचवले, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. म्हणून आई-वडिलांनी, थोरल्या भावाने आधीच बसून ठरवावे की ही वर्षे कशी काढायची. बहिणीचे लग्न पुढ्यात ठेवून तिला वकिली सोडायला लावू नये. सनदेच्या फीचा मात्र धसका घेऊ नका. ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे अनुसूचित जातीच्या उमेदवाराला नोंदणी शुल्क 125 रुपये आहे, आणि कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त शुल्क बार कौन्सिलांनी घेऊ नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये दिला. स्टॅम्प ड्युटी असल्यास ती वेगळी, आणि बार परीक्षेचे शुल्कही वेगळे.

शिक्षणाच्या फीसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी घरचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिच्या अटी समाजकल्याणच्या कार्यालयात विचारून घ्याव्यात. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, आणि मुले अडतात ती इथे. 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला गावच्या शाळेत असतो, रजिस्टर जीर्ण झालेले असते, गुरुजी रजेवर असतात. प्रवेशाच्या तोंडावर एस.टी.ने गावी धावणे म्हणजे वर्ष घालवणे. ज्यांचे मूल यंदा दहावीत आहे त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजोबांच्या दाखल्याची खरी नक्कल आणि कोतवाल बुकाचा उतारा मागून घ्यावा, आणि जातीचा दाखला काढताना वडिलांचे व आजोबांचे नाव सगळ्या कागदांवर एकसारखे आहे ना, ते अक्षर न् अक्षर तपासून पाहावे.